जर्मनीला यंदाच जाऊ की वर्षभर थांबू?

सोलापूर जिल्ह्यातल्या एका विद्यार्थ्याचा प्रश्न थोडक्यात असा आहे: "मेकॅनिकलला ७.२ सीजीपीए आहे. वडिलांची साडेचार एकर शेती आहे, गावात घर आहे. पुण्यातल्या एका एजंटने बर्लिनच्या खासगी विद्यापीठाचं मास्टर्सचं ऑफर लेटर आणून दिलंय. फी वर्षाला १२,००० युरो. पंधरा दिवसांत पहिला हप्ता भरा म्हणतात. तुझ्या मार्कांवर सरकारी विद्यापीठात होणार नाही, असंही सांगतात. कोर्स इंग्रजीत आहे, जर्मन तिथे गेल्यावर शिकता येईल म्हणे. चाळीस लाखांचं कर्ज काढून यंदाच ऑक्टोबरला जाऊ का? मॅडम, वर्ष वाया जाईल याची भीती वाटते."

थांब. हप्ता भरू नकोस. तू जर्मनीला जावंस असंच माझं मत आहे, पण या विद्यापीठात नको, एवढ्या कर्जावर नको आणि जर्मन न शिकता तर नकोच. पुण्यात इंजिनिअरिंगच्या मुलांच्या परदेशी अर्जांचं काम मी बरीच वर्षं करते आहे. त्याआधी मी स्वतः जर्मनीत आखेनला शिकले, तिथे नोकरीही केली. म्हणून कारणं सविस्तर लिहिते. वडिलांनाही वाचून दाखव, कारण जमीन त्यांची आहे.

आधी तुझ्या मार्कांचं बघू. जर्मन विद्यापीठं आपले गुण त्यांच्या पद्धतीत बदलून घेतात. तिथे १.० म्हणजे सर्वोत्तम आणि ४.० म्हणजे काठावर पास. यासाठी बहुतेक ठिकाणी 'बव्हेरियन सूत्र' लावतात. कमाल गुणांतून तुझे गुण वजा करायचे, कमाल आणि किमान उत्तीर्ण गुण यांच्यातल्या फरकाने त्याला भागायचं, तिनाने गुणायचं आणि एक मिळवायचा. तुझे ७.२, कमाल १० आणि पास होण्यापुरते ४ धरले, तर २.८ भागिले ६, गुणिले ३, अधिक १, म्हणजे २.४ येतात. इंग्रजी माध्यमाच्या बऱ्याच मास्टर्स अभ्यासक्रमांची अट २.५ किंवा त्याहून चांगल्या ग्रेडची असते. त्या अटीत तू बसतोस. पण किमान गुण कुणी ४ ऐवजी ५ धरले, तर हाच हिशोब २.६८ वर जातो आणि तू बाहेर पडतोस. म्हणून पास होण्यासाठी किमान किती ग्रेड पॉइंट लागतात ते गुणपत्रिकेच्या मागे स्पष्ट छापलेलं आहे का ते पाहा. नसेल तर विद्यापीठाच्या परीक्षा विभागाकडून शिक्क्यासह पत्र घे. दरवर्षी किती तरी मुलांचे अर्ज या एका कागदावाचून मागे पडतात.

ग्रेडनंतर विषय बघतात. तू मेकॅनिक्स, थर्मोडायनॅमिक्स, गणित, मशिन डिझाइन किती क्रेडिटचं शिकलास, ते त्यांच्या अभ्यासक्रमाशी ताडून पाहिलं जातं. काही ठिकाणी ही अट ग्रेडपेक्षाही कडक असते. तुझ्या आठ सेमिस्टरचा सिलॅबस, विषयवार तासांसह, आतापासून एका पीडीएफमध्ये जमवून ठेव. कॉलेजच्या ऑफिसात हे काम 'उद्या या' म्हणत पुढे पुढे जातं, म्हणून लवकर सुरू कर.

मग एजंट असं का म्हणाला? जर्मनीतली सरकारी विद्यापीठं एजंटला सहसा कमिशन देत नाहीत, बरीच खासगी विद्यापीठं देतात. तुझी निवड कुठे झाली यावर त्याची कमाई ठरते. तो माणूस म्हणून वाईट असेल असं नाही, पण त्याचा सल्ला याच चौकटीतून येणार. त्याला एकच विचार, "माझ्यासाठी किती सरकारी विद्यापीठांत अर्ज केलात?" आणखी एक गोष्ट मला खटकली. तुझ्या पत्रात एपीएसचा उल्लेखच नाही. भारतीय पदव्यांची पडताळणी करणारं हे प्रमाणपत्र १ नोव्हेंबर २०२२ पासून विद्यार्थी व्हिसासाठी सक्तीचं आहे. त्याची फी १८,००० रुपये आहे आणि ते मिळायला काही आठवडे तर लागतातच, गर्दीच्या दिवसांत त्याहूनही जास्त. ते हातात नसताना 'यंदाच ऑक्टोबर' म्हणणाऱ्या माणसाने एक तर कॅलेंडर पाहिलेलं नाही किंवा तुझा हप्ता तेवढा पाहिला आहे.

सगळी खासगी विद्यापीठं वाईट असतात असं मी म्हणत नाही. काही चांगली आहेत, विशेषतः व्यवस्थापनाची. पण घरचे पैसे घालून मेकॅनिकलसाठी तिथे जाण्यात मला अर्थ दिसत नाही. तरीही जायचंच ठरलं, तर त्या संस्थेला राज्य सरकारची मान्यता आहे का आणि 'अनाबिन' या जर्मन डेटाबेसमध्ये ती एच-प्लस, म्हणजे मान्यताप्राप्त, दर्जाची आहे का, हे स्वतः बघ. शिकवणं प्रत्यक्ष वर्गात होतं की बरंचसं ऑनलाइन, तेही लेखी विचार. २०२५ मध्ये बर्लिनमधल्या एका खासगी विद्यापीठाच्या भारतीय विद्यार्थ्यांवर याच मुद्द्यावरून देश सोडण्याची वेळ आली. त्यांचा कोर्स प्रत्यक्ष हजेरीचा नाही, असं तिथल्या परदेशी नागरिक कार्यालयाने ठरवलं. फी त्यांनी भरली होती, कर्जं डोक्यावर होती. व्हिसा नाकारला गेला तर फी किती परत मिळेल आणि किती दिवसांत, हेही करारात असायला हवं. पूर्वी जर्मन व्हिसा नाकारला तर फेरविचारासाठी मोफत अर्ज करता यायचा. १ जुलै २०२५ पासून ती सोय बंद झाली. आता नवा अर्ज करायचा, नाहीतर बर्लिनच्या प्रशासकीय न्यायालयात जायचं. त्यामुळे पहिलाच अर्ज नीट तयारीने गेला पाहिजे.

आता पैसे. व्हिसासाठी वर्षभराच्या खर्चाचे ११,९०४ युरो 'ब्लॉक्ड अकाउंट'मध्ये भरून दाखवावे लागतात. तिथे गेल्यावर त्यातले महिन्याला ९९२ मिळतात. युरो १०५ रुपये धरला तर हे साडेबारा लाख झाले. दोन वर्षांचे पंचवीस लाख. तुझ्या एजंटच्या विद्यापीठात यावर फीचे २४,००० युरो, म्हणजे आणखी पंचवीस लाख. एकूण पन्नास लाख, आणि त्यात विमान, कपडे, घराचं डिपॉझिट धरलेलं नाही. चाळीस लाखांत हे बसतच नाही.

बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नाही. दर सेमिस्टरला शंभर ते चारशे युरोंची वर्गणी असते, तीही शहरागणिक वेगळी. अपवाद आहेत: बाडेन-वुर्टेमबर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०१७ पासून सेमिस्टरला १,५०० युरो भरावे लागतात. म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीत २०२४-२५ च्या हिवाळी सत्रापासून मास्टर्सला सेमिस्टरला ४,००० ते ६,००० युरो आहेत. हे दोन्ही टाळलंस तर दोन वर्षांचा एकूण खर्च सव्वीस-सत्तावीस लाखांवर येतो. त्यातही व्हिसाला फक्त पहिल्या वर्षाची रक्कम दाखवायची असते. विद्यार्थ्याला वर्षात १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. २०२६ मध्ये किमान वेतन ताशी १३.९० युरो आहे. आठवड्याला वीस तास काम मिळालं तर कपातीआधी महिना १,२०० युरोंच्या आसपास पडतात. यातून दुसऱ्या वर्षाचं राहणं-जेवणं निघू शकतं. खासगी विद्यापीठाची फी यातून निघत नाही.

चाळीस लाख साडेदहा टक्क्यांनी दहा वर्षांसाठी घेतलेस तर हप्ता ५४,००० च्या आसपास येईल, आणि शिकत असताना साचणारं व्याज वेगळं. सरकारी विद्यापीठाच्या पहिल्या वर्षापुरते चौदा लाख घेतलेस, तर हप्ता १९,००० च्या आत राहतो. समजा तिथे नोकरी लागली नाही आणि तू परत आलास. चाकणला सुरुवातीच्या पगारातून १९,००० कष्टाने का होईना भरता येतील, ५४,००० भरता येणार नाहीत. मला खरी काळजी याचीच आहे. मोठं कर्ज घेऊन गेलेल्या मुलाला परत यायचा रस्ता उरत नाही. मग तो मिळेल ते काम धरतो, अभ्यास मागे पडतो, थीसिस लांबतो, आणि घरी फोनवर 'सगळं ठीक आहे' म्हणत राहतो. अशी मुलं मी पाहिली आहेत, आणि त्यांच्या हुशारीत काहीही कमी नव्हतं.

जमिनीबद्दल वडिलांना स्पष्ट सांग. शेतजमीन तारण घ्यायला बँका सहसा तयार होत नाहीत, कारण सरफेसी कायद्यातून शेतजमीन वगळलेली आहे आणि वसुलीसाठी बँकेला त्या कायद्याने ती ताब्यात घेता येत नाही. बिगरशेती झालेला प्लॉट किंवा घर चालतं. गावठाणातलं घर असेल तर मालमत्ता पत्रक कुणाच्या नावावर आहे, आजोबांच्या पश्चात वारसांची नोंद झाली आहे का, ते आत्ताच तपासा. बँकेने शेत नाकारलं की घरात दुसरा विचार सुरू होतो, एक-दोन एकर विकून टाकू. तो विचार वडिलांना करू देऊ नकोस. चौदा लाखांच्या गरजेला जमीन विकावी लागत नाही. मोठ्या सरकारी बँकांच्या योजनांत साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही, त्यावर घर चालतं. परदेशी शिक्षणाला साधारण १५ टक्के रक्कम मात्र आपल्याला घालावी लागते, ती साठवायला पुढचं वर्ष हाताशी आहे. विनातारण कर्ज देणाऱ्या वित्त कंपन्या लवकर होकार देतात, पण त्यांचा व्याजदर चढा असतो. तिकडे शेवटी वळ.

तू जातीच्या प्रवर्गाबद्दल काही लिहिलेलं नाहीस, म्हणून एवढंच सांगते. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आहे आणि राज्याच्या समाजकल्याण विभागाची राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची योजना आहे. इतर प्रवर्गांसाठीही राज्याच्या योजना आहेत. यांत विद्यापीठ जागतिक क्रमवारीत ठरावीक क्रमांकाच्या आत असावं लागतं. त्यामुळे खासगी विद्यापीठाची जागा घेतलीस की हा दरवाजा बहुधा बंद होतो. जर्मनीत प्रवेश मिळाल्यावर चांगल्या गुणांवर 'डॉइचलँडश्टिपेंडियम' ही शिष्यवृत्ती मिळू शकते, महिना ३०० युरो. ती मिळेलच असं धरून खर्चाचा हिशोब करू नकोस.

आता भाषेबद्दल, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे. 'कोर्स इंग्रजीत आहे' हे खरं आहे. पण तू कोर्ससाठी जात नाहीस, कोर्सनंतरच्या नोकरीसाठी जातो आहेस. मेकॅनिकलच्या नोकऱ्या जर्मनीत मोठ्या कंपन्यांत आहेत तेवढ्याच लहान गावांतल्या दोनशे-चारशे माणसांच्या घराण्याच्या कंपन्यांत आहेत: पंप बनवणाऱ्या, गिअर बनवणाऱ्या, पॅकिंगची यंत्रं बनवणाऱ्या. तिथे ड्रॉइंगवरचे शेरे जर्मनमध्ये असतात, सुरक्षेच्या सूचना जर्मनमध्ये असतात, आणि सकाळी मशिनपाशी उभं राहून फोरमन काय बिघडलंय ते सांगतो तेही जर्मनमध्ये, बऱ्याचदा गावच्या बोलीत. जाहिरातीत जर्मनची बी-२ किंवा सी-१ पातळी मागतात ते उगाच नाही; या पातळ्या ए-१ पासून सुरू होऊन ए-२, बी-१ अशा वर चढत जातात. सॉफ्टवेअरवाल्यांचं इंग्रजीवर थोडंफार भागतं. तुझं भागणार नाही.

त्यात दिवस कठीण आहेत. फोक्सवागनने डिसेंबर २०२४ च्या करारात २०३० पर्यंत ३५,००० हून अधिक नोकऱ्या कमी करायचं ठरवलं. गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या झेडएफने २०२८ पर्यंत १४,००० पर्यंत पदं कमी करणार असल्याचं सांगितलं आहे. बॉशने सप्टेंबर २०२५ मध्ये आणखी १३,००० पदं कमी करण्याची घोषणा केली. तिथे अनुभवी जर्मन इंजिनिअरही नोकरी शोधत असताना इंग्रजीवर येणारा नवखा पहिल्याच चाळणीत गळतो. शिक्षण संपल्यावर नोकरी शोधायला १८ महिने मिळतात. ते पुरेसे आहेत, पण भाषा तेव्हा शिकायला घेतली तर नाहीत.

तिथे गेल्यावर शिकू असं जवळपास प्रत्येक जण म्हणतो. पहिल्या सेमिस्टरला शहर नोंदणी, बँक खातं, विमा, खोली शोधणं, परीक्षा आणि अर्धवेळ काम. खोलीत दोन मराठी आणि एक तेलुगू मुलगा. जर्मन बोलायला माणूसच नाही. दोन वर्षांनी बहुतेक जण ए-२ पाशीच अडकलेले असतात. बी-१ पर्यंत पोचायला गोएथे इन्स्टिट्यूटच्या अंदाजाने ३५० ते ६५० तासिका लागतात, बी-२ ला ६०० ते ८००. नोकरी करत, रोज दोन तास दिलेस तर वर्षात बी-१ पक्कं होतं, जोर लावलास तर बी-२ च्या अर्ध्यापर्यंत जाशील. पुण्यात गोएथेचंच मॅक्सम्युलर भवन आहे, कमी फीत शिकायचं तर सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा रानडे इन्स्टिट्यूटमधला परकीय भाषा विभाग आहे. सोलापुरातून ऑनलाइन वर्गही करता येतील, पण बोलायचा सराव ठेव. गोएथेच्या परीक्षांच्या जागा पटकन भरतात, तारीख जाहीर होईल त्या दिवशीच नोंदणी कर.

बी-१ घेऊन गेलेल्या मुलाला 'वेर्कश्टुडेंट' म्हणून कंपनीत काम मिळण्याची शक्यता कितीतरी जास्त असते. हे वीस तासांचं काम आपल्याच विषयातलं असतं, आणि पुष्कळदा तिथेच थीसिस आणि तिथेच पहिली नोकरी होते. भाषा नसलेला मुलगा तेच वीस तास गोदामात खोकी उचलण्यात नाहीतर थंडीत सायकलवरून जेवण पोचवण्यात घालवतो. पैसे दोघांना जवळपास सारखे मिळतात. दोन वर्षांनी एकाच्या सीव्हीवर कंपनीचं नाव असतं.

तेव्हा पुढचं वर्ष असं लाव. आत्ता जर्मनचा ए-१ सुरू कर आणि नोकरी धर. चाकण, तळेगाव, रांजणगाव, मिळेल तिथे, पगार कमी असला तरी शॉप फ्लोअरवर किंवा डिझाइनमध्ये, जर्मन कंपनी असेल तर उत्तमच. दिवाळीच्या आधी एपीएसचा अर्ज टाक. डिसेंबरपर्यंत इंग्रजीची आयईएलटीएस परीक्षा दे. जानेवारीपासून विद्यापीठांच्या वेबसाइट पाहायला लाग, कारण हिवाळी सत्राच्या शेवटच्या तारखा सगळीकडे सारख्या नसतात. कुठे मार्च, कुठे ३१ मे, कुठे १५ जुलै. पुष्कळ विद्यापीठं 'युनि-असिस्ट' या सामाईक अर्जसेवेमार्फत अर्ज घेतात. पहिल्या अर्जाला ७५ युरो आणि त्याच सत्रातल्या पुढच्या प्रत्येकाला ३० युरो लागतात. तिथे कागद तपासायलाच महिना-दीड महिना जातो, म्हणून शेवटच्या तारखेच्या दोन महिने आधी अर्ज पोचला पाहिजे. सात-आठ ठिकाणी कर, त्याहून जास्त नको. प्रत्येक ठिकाणचं मोटिव्हेशन लेटर वेगळं आणि स्वतः लिहिलेलं असू दे.

ठिकाणं निवडताना बर्लिन आणि म्युनिकचं नाव डोक्यातून काढ. तिथे खोली मिळणं हाच एक कोर्स आहे, आणि ९९२ युरोंतला मोठा वाटा भाड्यातच जातो. केमनिट्स, माग्देबुर्ग, झीगेन, इलमेनाउ या शहरांत भाडी पुष्कळ कमी आहेत, विद्यापीठं सरकारी आहेत आणि आपल्याकडची मुलं तिथे आधीपासून आहेत. डुइसबुर्ग-एसेनला मेकॅनिकलचं इंग्रजी मास्टर्स आहे, झीगेनला मेकॅट्रॉनिक्स आहे. 'होखशूल' नावाच्या, प्रत्यक्ष कामावर भर देणाऱ्या संस्थांना कमी लेखू नकोस. तिथल्या प्राध्यापकांना उद्योगातला अनुभव असणं सक्तीचं असतं, त्यामुळे कंपन्यांशी त्यांची ओळख असते. मात्र त्यांच्या दीड वर्षाच्या मास्टर्सना पदवीची २१० युरोपीय क्रेडिट लागतात, तुझ्या चार वर्षांची किती धरली जातात ते आधी ईमेलने विचार.

वर्ष वाया जाईल या भीतीबद्दल: नोकरी आणि भाषा यांत गेलेलं वर्ष जर्मन विद्यापीठाच्या आणि व्हिसा अधिकाऱ्याच्या नजरेत रिकामं नसतं, मोटिव्हेशन लेटरमध्ये ते तुझ्या बाजूनेच बोलतं. विद्यार्थ्यांच्या स्वस्त सरकारी आरोग्य विम्याची मर्यादा वयाच्या ३० पर्यंत आहे, तू बावीस-तेवीसचा असशील, तिथेही अडचण नाही.

एक काम मात्र याच आठवड्यात कर. तुझ्या गुणपत्रिकेवर नाव 'आडनाव, तुझं नाव, वडिलांचं नाव' अशा क्रमाने असेल, कदाचित खाली आईचं नावही असेल. दहावीच्या प्रमाणपत्रावर त्यातलं एखादं स्पेलिंग वेगळं असेल, आणि पासपोर्टवर वडिलांचं नाव तुझ्या नावाला जोडलेलं असेल किंवा नसेलच. एपीएस, बँक आणि व्हिसा केंद्र या तिन्ही ठिकाणी हा फरक विचारला जातो. सगळे कागद एका ओळीत मांडून नाव जुळतंय का बघ. क्रम वेगळा असेल तर बहुतेक वेळा प्रतिज्ञापत्रावर भागतं. स्पेलिंग वेगळं असेल तर आधी दहावीच्या प्रमाणपत्रातलं बोर्डाकडून दुरुस्त करून घे, मग पदवीचं, मग पासपोर्ट. या दुरुस्त्यांना महिने लागतात, म्हणून दुरुस्ती लागणार असेल तर एपीएसचा अर्ज दिवाळीआधी नाही, ती झाल्यावरच.